तिकाल एका रात्रीत रिकामं झालं नाही

ग्वाटेमालाच्या जंगलातल्या तिकाल या जुन्या माया शहराबद्दलचा तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. माया लोक एका रात्रीत गायब झाले, देवळं परग्रहावरच्यांनी बांधली, हजार वर्षं जागेचा कोणाला पत्ताच नव्हता आणि अजूनही रात्री तिथे शापाच्या किंकाळ्या येतात. यातलं एकही खरं नाही.

आधी ते एका रात्रीचं. तिकालचे राजे तारखा कोरलेले दगडी स्तंभ उभारायचे, त्यातला शेवटचा इ.स. ८६९ चा, पण बांधकामं त्याच्या कितीतरी आधीच मंदावली होती आणि राजे गेल्यावरही काही लोक रिकाम्या महालांत चुली मांडून राहत होतेच. कारण शोधायचं तर पाणी बघा. तिकालला नदी नाही, म्हणून चौकांना चुना गिलावून उतार दिलेला, पावसाचं पाणी वाहत जाऊन तलावांत साठायचं आणि उन्हाळाभर तेच प्यायचं. नवव्या शतकात दुष्काळावर दुष्काळ पडले, लढाया चालूच होत्या, आणि २०२० साली छापून आलेल्या संशोधनात राजवाड्याजवळच्या तलावांच्या गाळात पारा आणि विषारी शेवाळाच्या खुणा सापडल्या. पारा बहुतेक भिंती रंगवायच्या लाल हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या खनिजातून आलेला. असं शहर हळूहळूच सुटतं हो.

परग्रहवाले म्हणे. दगड तिथलाच चुनखडी, खाणीतून काढल्यावर मऊ असतो, गारगोटीच्या हत्यारांनी घडवता येतो. 'देऊळ क्रमांक एक' म्हणतात त्याच्याखाली जसाव चान काविल या राजाचं थडगं सापडलंय, ज्याने ६९५ साली कालाकमुल या शत्रू माया शहराला हरवलं, आणि वरच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्या लाकडाच्या आहेत. हो, आपण डहाणू-घोलवडचा खातो तोच चिकू, मूळचा तिकडचाच. बाराशे-तेराशे वर्षं टिकलंय ते लाकूड!

पत्ता नव्हता? १८४८ साली मोदेस्तो मेंदेस सरकारी मोहीम घेऊन गेला तेव्हा सोबत अँब्रोसिओ तुट हा स्थानिक माणूस होता, आसपासच्यांना जागा माहीतच होती.

किंकाळ्या हाउलर माकडांच्या. पहाटे ती एकदा ओरडायला लागली की नवख्याला खरंच वाटतं कुठलातरी मोठा प्राणी अंगावर येतोय, आवाज किलोमीटरभर सहज जातो. त्यात शाप कसला?

आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो 'गायब' या शब्दाचा. जवळच्याच पेतेन इत्झा तळ्यातलं इत्झा मायांचं राज्य १६९७ पर्यंत टिकलं, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीला होते तोवर, ते स्पॅनिश सैन्याने मोडलं. आज माया भाषा बोलणारे लाखो लोक आहेत, किचे, केक्ची आणि अशा कितीतरी भाषा. तिकालच्या मोठ्या चौकात हे लोक अजूनही येऊन कोपालचा, म्हणजे झाडाच्या राळेचा धूप जाळतात, पूर्वजांची पूजा करतात. तिथे गेलात आणि अशी पूजा चालू दिसली तर लांब थांबा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.