आरसीवर ‘हायब्रीड’ लिहिलंय म्हणून गाडी प्लगला लागत नाही

बेळगावजवळच्या खानापूरच्या माझ्या मावसभावानं, दादानं, परवा कोल्हापूर पासिंगच्या एका जुन्या मारुती सियाझला दहा हजार इसार दिला. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज. आमच्या गल्लीच्या ग्रुपपासून निपाणीच्या पाहुण्यांपर्यंत सगळीकडं तो फिरतोय: ‘पाच लाखांत जुनी हायब्रीड घ्या. रात्री घरी प्लगला लावा, पेट्रोल लागतच नाही. चार्जिंगची पिन नसेल तर गॅरेजात बसवून मिळते. बॅटरी जन्मभर टिकते. हायब्रीडला रोड टॅक्स माफ.’

दादा म्हणतो, “अरे, आरसीवरच हायब्रीड लिहिलंय की!”

लिहिलंय, आणि तिथंच माणूस फसतो. सियाझ आणि अर्टिगावर २०१५ पासून जे ‘एसएचव्हीएस’ आलं, ते माइल्ड हायब्रीड. त्यातली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, ब्रेक दाबला की थोडी वीज परत मिळवते, बस्स. नुसत्या बॅटरीवर ही गाडी दारातून रस्त्यावरसुद्धा येत नाही. २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर किंवा होंडा सिटी हायब्रीड या स्ट्राँग हायब्रीड. त्या थोडं अंतर बॅटरीवर जातात, पण त्यांनाही प्लग नाही. वीज त्या स्वतःच तयार करतात. बाहेरून चार्ज होते ती प्लग-इन हायब्रीड. आपल्याकडं त्या आल्या त्या व्होल्वो एक्ससी९० टी८, बीएमडब्ल्यू आय८ अशा, नव्या असताना सव्वा कोटी आणि त्यापुढच्या. त्या पाच लाखांत कोण देणार?

‘पिन बसवून मिळते’ हे वाचल्यावर मात्र माझं डोकंच फिरलं. स्ट्राँग हायब्रीडच्या बॅटरीत दीडशे व्होल्टच्या वर डीसी असतो, प्लग-इनमध्ये तीनशे-चारशेच्या घरात. बॉनेटखाली जाड नारिंगी वायर दिसते ना, तिचा रंगच ‘हात लावू नका’ म्हणून आहे. चावी काढली तरी बॅटरीच्या आत तो विजेचा दाब तसाच राहतो. कंपनीचा शिकलेला मेकॅनिक आधी बॅटरीचा जोड तोडणारा सर्व्हिस प्लग काढतो, ठरलेला वेळ थांबतो, रबरी हातमोजे घालतो, मग काम करतो. आपल्या गॅरेजात हे काम कुणाच्या वाट्याला येणार? हॉर्न-वायपर दुरुस्त करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराच्या. त्याचा जीव गेला तर मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी कोण त्याच्या आईसमोर उभं राहणार आहे? शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाही. आग लागली तर विमा कंपनी आधी तेच विचारेल.

‘पेट्रोल लागतच नाही’ हे तर खऱ्या प्लग-इनबाबतही खोटं. युरोपियन कमिशननं मार्च २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या इंधन-मीटरचे आकडे जाहीर केले. प्रयोगशाळेत जितका कार्बन डायऑक्साइड धरला होता, त्याच्या सरासरी साडेतीन पट प्लग-इन गाड्या प्रत्यक्षात सोडतात. म्हणजे लोक चार्ज कमी करतात आणि इंजिन बरंच जास्त चालतं. जुन्या प्लग-इनची बॅटरी चाळीसेक किलोमीटर जाते. बेळगावहून निघालात तर संकेश्वरच्या अलीकडंच इंजिन सुरू.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. दादासारख्यानं खरी प्लग-इन घेतली आणि रोज रात्री न चुकता चार्ज केली, तर त्याचं पेट्रोल खरंच पुष्कळ वाचेल. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकणाऱ्याला स्ट्राँग हायब्रीडही परवडते. पण दादानं पाहिलेली गाडी या दोन्हींपैकी एकही नाही.

बॅटरी जन्मभर टिकते म्हणे. स्ट्राँग हायब्रीडच्या बॅटरीची हमी कंपन्याच ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. जुनी घेताना त्यातली किती उरली ते सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या.

टॅक्समाफीची बातमी जुलै २०२४ मधली, उत्तर प्रदेशची. ती बेळगावच्या आरटीओत दाखवून काय होणार? कोल्हापूर पासिंगची गाडी इकडं बारा महिन्यांच्या वर ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे कर्नाटकचा केए नंबर घ्यावाच लागतो. तिकडची एनओसी आणि इथला टॅक्स हे सगळं गाडीच्या किमतीत धरा.

प्लग-इन ओळखायची तर पेट्रोलच्या टोपणाशिवाय चार्जिंगचं दुसरं झाकण आणि डिकीत केबल आहे का बघा. दादानं बघितलं. दोन्ही नव्हतं. उद्या आम्ही दोघं इसार परत मागायला कोल्हापूरला चाललोय.