कुर्ट गेरॉनला गद्दार म्हणण्याआधी

जुन्या जर्मन सिनेमाच्या गप्पांत कुर्ट गेरॉनचं नाव निघालं की कुणीतरी पटकन म्हणतं, 'तोच ना, नाझींसाठी फिल्म करणारा?' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

गेरॉन बर्लिनचा ज्यू. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना जखमी झालेला, डॉक्टरकीचं शिक्षण सोडून नट झालेला. १९२८ मध्ये बर्लिनला जर्मन नाटककार ब्रेख्तचं 'थ्री पेनी ऑपेरा' हे संगीत नाटक आलं, तेव्हा त्यातल्या मॅकी मेसर या गुंडाचं ते गाजलेलं गाणं गायला हाच उभा होता. (पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' याच नाटकावरून.) मूकपटांत तर त्यानं कितीतरी भूमिका केल्या. बोलपटांपैकी 'द ब्लू एंजल'मधला जादूगार किपर्ट आठवा. भर रंगमंचावर प्रोफेसरच्या डोक्यावर अंडी फोडणारा तो धिप्पाड माणूस म्हणजे गेरॉन. आणि प्रोफेसर झालेला एमिल यानिंग्ज, ऑस्कर मिळवलेला पहिला नट.

१९३३ मध्ये हिटलर आला आणि गेरॉनला चालू शूटिंगमधून हाकललं गेलं. पॅरिस, मग अ‍ॅमस्टरडॅम. जर्मन फौजा तिथेही पोचल्या. त्याच्याच जुन्या फिल्मचे तुकडे ज्यूंविरुद्धच्या प्रचारपटात वापरले गेले. पुढे नेदरलँड्समधली वेस्टरबॉर्कची छावणी आणि १९४४ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातली तेरेझिनची नाझी छावणी.

तिथे त्याला हुकूम मिळाला: छावणीत लोक किती सुखात आहेत, याची फिल्म कर. बाग, फुटबॉल, वाद्यवृंद, खेळणारी मुलं. त्यानं ती केली. नाही म्हणायची सोय होती कुठे? हुकूम देणाऱ्यांच्या हातात त्याचा आणि बायकोचा जीव होता. छावणीतून वाचलेल्यांपैकी काहींनी त्याच्यावर राग धरला. त्यांना तो हक्क आहे. घरात बसून लॅपटॉपवर सिनेमे पाहणाऱ्या आपल्याला नाही. फिल्म पूर्ण होण्याआधीच, ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस, गेरॉनला आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवून मारलं. फिल्ममध्ये हसताना दिसणाऱ्यांपैकीही अनेकांना तिथेच नेलं.

निवाडाच करायचा असेल तर यानिंग्जचा करा. त्याच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. १९४१ मध्ये त्यानं 'ओम क्रूगर' हा नाझी प्रचारपट केला, राजवटीकडून मानसन्मान घेतले आणि १९५० मध्ये ऑस्ट्रियात आजारपणानं गेला. तरी त्याची ओळख आजही 'पहिला ऑस्करविजेता' अशी करून दिली जाते, आणि गेरॉनची त्या फिल्मवरून. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.