'तर्कशुद्ध' यांना उत्तर: घोडी, घोडा आणि दहावीचं पुस्तक

तर्कशुद्ध (आपण हेच टोपणनाव घेतलंय, म्हणून मीही तेच वापरते),

घोडीला नर शिंगरू होणार की मादी, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "लिंग घोड्याकडून ठरतं, घोडीकडून नाही, हे दहावीच्या पुस्तकात आहे. चंदी (घोडीचा दाणा) वाढवली की नर होतो असं सांगणं म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासवांच्या पंगतीला बसणं. आधी शिका, मग लिहा." त्याखाली आणखी तीन मुद्दे आहेत. लेखात दिलेल्या न्यूझीलंडच्या अभ्यासातली जनावरं थोडी होती, ती मोकाट होती, आणि हल्ली नर की मादी हे आधीच निवडलेलं वीर्य मिळत असताना या चर्चेला अर्थ काय.

उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण ते "आधी शिका" काही केल्या डोक्यातून जाईना. मतभेद असू द्या, चूक दाखवा, मी दोन्हीचं स्वागत करत आलेय. जुने वाचक सांगतील. पण ज्या बाईला आपण कधी पाहिलं नाही, तिला चारचौघांत असं म्हणायची ही कुठली रीत? माझ्या ओसरीवर बसून, हातात चहाचा कप घेऊन हेच वाक्य आपण बोलला असतात का? मला नाही वाटत. टोपणनावाआड माणूस जरा जास्तच तर्कशुद्ध होतो.

एक गोष्ट मान्य करते. 'नर हवा? मग चंदी घाला' हे शीर्षक भडक होतं. ते बदलते. लेखातलं एकही वाक्य मात्र बदलत नाही, आणि का ते सांगते.

दहावीच्या पुस्तकात जे आहे ते मलाही ठाऊक आहे. घोड्याच्या पेशीत 64 गुणसूत्रं असतात, म्हणजे 32 जोड्या. घोडीच्या बीजात नेहमी एक्स, घोड्याच्या शुक्रजंतूंत निम्म्यांत एक्स आणि निम्म्यांत वाय. वाय पोचला तर नर. हे मी नाकारलंय कुठे? लेखाचा दुसरा परिच्छेद हेच सांगतो. आपण तिथवर पोचला नसावात.

पण पुस्तक जिथे थांबतं तिथून पुढे घोडीला अकरा महिने काढायचे असतात. फळलेलं बीज पाचसहा दिवसांनी गर्भाशयात उतरतं, आणि पुढे सोळाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत ते एका जागी बसत नाही, गर्भाशयभर फिरत राहतं. त्या फिरण्यातूनच घोडीच्या शरीराला कळतं की आपण गाभण आहोत. या दिवसांत काही गर्भ टिकतात, काही गळून जातात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. घोडी पुन्हा माजावर आली, एवढंच दिसतं. आता नर आणि मादी गर्भ अगदी सारखेच गळत असतील तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. सारखे गळत नसतील तर? मग घोड्याने काय पाठवलं यासोबत घोडीने काय ठेवून घेतलं हेही बघावं लागतं. माझा अख्खा लेख या एका प्रश्नावर होता.

हा प्रश्न माझ्या पदरचा नाही. रॉबर्ट ट्रिव्हर्स आणि डॅन विलार्ड या संशोधकांनी 1973 साली तो मांडला. कळपात राहणाऱ्या जनावरांत धट्टाकट्टा नर अनेक माद्यांवर हक्क सांगतो आणि त्याची भरपूर पिलं होतात. किरकोळ नराच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. मादी मात्र कशीही असली तरी तिला पिलं होतातच. तेव्हा जिची तब्येत उत्तम त्या आईला नर परवडतो, आणि जी खंगलीय तिला मादी. मोकाट घोड्यांचे कळप याला अगदी चपखल बसतात.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर कायमानावा नावाचे मोकाट घोडे आहेत, बरेचसे लष्कराच्या सरावाच्या जमिनीवर. एलिसा कॅमेरून आणि वेन लिंकलेटर या संशोधकांनी तिथे कळपांमागे फिरून घोड्यांची नोंद ठेवली. त्यांचं 2007 सालचं निरीक्षण असं: गर्भ राहण्याच्या सुमारास ज्या घोड्या अंग धरत होत्या त्यांच्यापैकी 80 टक्क्यांना नर झाला, ज्या उतरत होत्या त्यांच्यापैकी फक्त 3 टक्क्यांना. घोडी मुळात जाडी की बारीक, यापेक्षा त्या दिवसांत ती कुठल्या दिशेने चाललीय हे महत्त्वाचं ठरलं. रक्तातल्या साखरेशी याचा संबंध असावा असा कॅमेरून यांचा कयास आहे. गायीच्या गर्भांवर प्रयोगशाळेत झालेल्या कामातही साखर वाढवल्यावर नर आणि मादी गर्भांचा टिकाव वेगवेगळा दिसला आहे.

आणि इथेच मला माझे आजोबा आठवतात. माझं माहेर तापीकाठचं. घरी पागा होती, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमचा तंबू ठरलेला. खरारा करणं, चंदी भिजवणं, हरभरा किती घालायचा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. घोडी फळवायला काढताना आजोबा तिच्या बरगड्यांवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अंग धरतेय, नर देईल." किंवा, "अंगावर पाजून रोडावलीय, मादी होईल." त्यांचं बहुतेक वेळा खरं ठरायचं. त्यांनी ना ट्रिव्हर्सचं नाव ऐकलं होतं ना न्यूझीलंडचं. तुम्ही म्हणाल, खरं ठरलेलं तेवढं लक्षात राहतं. म्हणा. पण ज्या माणसाचा हात हयातभर घोड्यांच्या पाठीवर होता त्याचा शब्द मला टोपणनावापेक्षा जड वाटतो.

आता त्या सासूच्या वाक्याबद्दल. खरं सांगायचं तर झोंबलं ते हेच. मला दोन मुली आहेत. धाकटीच्या वेळी नात्यातल्या एका बाईने दवाखान्यातच जे ऐकवलं ते मी अजून विसरलेले नाही. आणि तुम्ही मला त्या पंगतीत बसवताय? माझ्या लेखात सून नाही, सासू नाही, माणूसच नाही. घोडी आहे, गवत आहे, हरभरा आहे. तुम्हाला घोडीच्या जागी बाई दिसली तर तो चष्मा तुमचा. शिवाय मी घोडीला बोल कुठे लावला? शरीर काय ठेवतं आणि काय सोडतं याचं श्रेय तिला देणं म्हणजे दोष देणं, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट घोडी म्हणजे नुसती पिशवी, जे काय करायचं ते घोडा करतो, हा विचार मला जास्त त्या सासवांना शोभणारा वाटतो. कुणी हा लेख वाचून सुनेच्या ताटात हरभरे वाढणार असेल तर त्याला मी काय करू?

अंधश्रद्धा म्हणजे काय ते हवं असेल तर देते. समरात्री संग झाला तर पुत्र, विषमरात्री झाला तर कन्या, असं मनुस्मृती सांगते. उत्तरेचा वारा असला की नर होतात असं मेंढपाळ म्हणतात, हे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. यांतलं काही मी लिहिलं असतं तर जरूर तोंडसुख घ्या. मोजून, नोंदवून, छापून आलेल्या कामाला त्याच टोपलीत टाकू नका.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. जनावरं थोडी होती: मोकाट घोड्यांमागे डोंगरात फिरून बघा, मग किती हवीत ते ठरवू. मोकाट होती: होती, आणि लेखात तसं लिहिलंय. पागेतल्या घोड्या बारमाही पोटभर खातात, त्यामुळे तिथे फरक पुसट होतो, हेही लिहिलंय. निवडलेलं वीर्य: गायीम्हशींसाठी मिळतं, सरकारी योजनेतूनही मिळतं. पण शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतन चालतच नाही, घोडा प्रत्यक्ष लावावा लागतो, नाहीतर शिंगराची वंशावळीत नोंद होत नाही. भारतातली ती नोंद पुण्यातूनच होते, जाऊन विचारा. आणि सगळ्यांना नरच हवा असतो हे तरी तुम्हाला कुणी सांगितलं? पोलोवाले घोड्यांपेक्षा घोड्या पसंत करतात.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. यापुढे लिहाल तेव्हा लेख दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढेही वाचून लिहा. आणि "आधी शिका" हे पुन्हा दिसलं तर मात्र ती प्रतिक्रिया राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.