कोर्ट रिकामं, पण बुक! काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. तुमचं म्हणणं असं की पालिकेच्या बॅडमिंटन हॉलचं बुकिंग ऑनलाइन करा हे मी लिहिलं ते आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांच्या सोयीचं, स्लॉट उघडला की दोन मिनिटांत पोरं सगळं उडवणार आणि तुमचा ज्येष्ठांचा ग्रुप, वस्तीतली कबड्डीची मुलं बसणार बाहेर. वर, हॉलवरची बुकिंगची वही इतकी वर्षं चालली की, आता काय झालं?

पहिला मुद्दा मान्य. लेखात मी नुसतं अ‍ॅप अ‍ॅप करत बसलो, ते चुकलं. त्याचं तत्काळ तिकीटच होणार, ज्याचं नेट फास्ट त्याचं कोर्ट. खिडकीवर नाव देता आलंच पाहिजे, आणि संस्था-मंडळांचे तास आधीच बाजूला काढून मग उरलेले ऑनलाइन टाकावेत.

वहीचं मात्र अजिबात पटत नाही. आमच्या भागातल्या एका हॉलवर (नाव नको) सलग चार शनिवार सकाळी सातला गेलो, दोन्ही कोर्टं रिकामी, लाइट बंद, आणि वॉचमन मामा म्हणतात बुक आहे. कुणाचं? तर वहीत एका ग्रुपचं नाव, पुढे ‘कायम’. हे कायम कधीपासून, पैसे भरलेत का, शेवटचे कधी आले, मामांनाही माहीत नाही, बिचारे काय करणार. ज्या खेळाला इंग्रज एके काळी ‘पूना’च म्हणायचे तो खेळायला पुण्यात ही तऱ्हा!

दोन कोर्टं, सकाळी सहा ते दहा, म्हणजे आठवड्याचे 56 तास. वहीच्या एका पानात मावतात हो. ते पान दर रविवारी दाराशी फळ्यावर लावायचं, चौकातल्या मंडळाचा वार्ताफलक असतो ना तसं, आणि फोटो ग्रुपवर. याला ना अ‍ॅप लागतं ना टेंडर. लागोपाठ तीनदा कुणी आलं नाही तर ‘कायम’ खोडायचं, आणि दहा-पंधरा मिनिटं उलटली तरी कोर्ट रिकामं असेल तर दारात उभा असेल त्याला द्यायचं. बुक करून न येणाऱ्यांचं डिपॉझिट जप्त वगैरे मी लेखात लिहिलं होतं ते मागे घेतो, त्यात वस्तीतली मुलंच आधी भरडतील.

त्या मुलांचं म्हणाल तर, दोन कोर्टं शेजारी शेजारी असली की जागा होते 13.4 बाय 12.2 मीटर आणि पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10. नेट काढून मॅट अंथरली की कसंबसं बसतं, आजूबाजूला मोकळी जागा किती ते बघावं लागेल. संध्याकाळचे दोन दिवस त्यांना द्यायला काय हरकत आहे? पण आधी कळायला तर हवं की संध्याकाळ कुणाच्या नावावर आहे.

नावं अशी उघड लावता येतात का, असंही तुम्ही विचारलंय. माहिती अधिकार कायदा 2005 चा, त्यातलं कलम 4 सांगतं की सवलती, परवाने कुणाला दिले ते कार्यालयाने आपणहून जाहीर करावं. ग्रुपला सवलतीत दिलेला तास त्यातच येतो असं माझं मत. तरी नाहीच लावलं तर दहा रुपयांचा अर्ज आहेच.

तो अर्ज मी सोमवारी देतोय. सोबत हॉलवाल्यांना फळ्याचं पत्र, त्यावर तुमच्या ग्रुपच्याही सह्या असल्या तर वजन येईल, नाहीतर परत आयटीवाल्यांचं लफडं म्हणून बाजूला ठेवतील. शनिवारी सातला तिथेच भेटू. रॅकेट आणा, कोर्ट रिकामंच असेल.