मुख्यालय सोडण्याची परवानगी

चित्रपुस्तकातल्या एकाही प्राण्याला घरात बसवत नाही. बदकाला जेवता जेवता समुद्र बघायची हुक्की येते. अस्वल सायकल काढून डोंगराकडे निघतं. उंदीर जुन्या बुटाची होडी करतो आणि ओढ्यात लोटून देतो. कुठे चाललात, कधी येणार, घरी सांगितलंत का, काही नाही! माझी सगळी नोकरी सरकारी, आणि त्यातली बरीच वर्षं आस्थापना शाखेत लोकांच्या रजा तपासण्यात गेली. त्यामुळे दुसऱ्याच पानावर माझा हात अडतो. अर्ज कुठे आहे? कार्यभार कुणाकडे सोपवला? मुख्यालय सोडण्याची परवानगी घेतली का? राणीच्या बागेतले पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातून मुंबईत आले, तेसुद्धा रीतसर कागदपत्रांनिशी, विमानानं. पुस्तकातला पेंग्विन मात्र गळ्यात मफलर अडकवतो आणि टबात बसून निघतो.

“आजी, पान उलट,” पांघरुणातून आदेश येतो.

ओवी, माझी नात, साडेचार वर्षांची. मुलगा आणि सून दोघंही साडेआठच्या पुढे घरी उगवतात. बोरिवली लोकलच्या दारात लोंबकळत गोरेगाव गाठलेल्या माणसाला “आता वाघाची डरकाळी फोड” म्हणणं निर्दयपणाचं, म्हणून हे खातं माझ्याकडे आलं. निवृत्त माणसाला काय काम, असं सगळे म्हणतात. रात्री नऊ वाजता एकाच दमात हत्ती, बेडूक आणि घुबड होऊन बघा म्हणजे कळेल.

आवाजांचं प्रकरण सोपं नसतं. पाणघोड्याला मी पहिल्या रात्री घोगरा आवाज दिला तो केवळ सर्दी झाली होती म्हणून. सर्दी गेली, पण पाणघोडा राहिला. साध्या आवाजात वाचायला गेले तर तक्रार: “हा तो नाहीये.” तेव्हापासून त्या पुस्तकापुरती मला रोज सर्दी होते. लांडग्याला मात्र मी विचारपूर्वक आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज दिला. पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना ते जसे शब्द चावून बोलतात, अगदी तसा. पुढे एकदा लिफ्टमध्ये ते भेटले. “काय मॅडम, मेंटेनन्स भरलात का?” एवढंच म्हणाले बिचारे. ओवीनं माझा पदर ओढला आणि चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजी, हाच तो लांडगा!”

सुरुवातीला मला वाटलं होतं, काम फार तर दहा मिनिटांचं. चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात. छापखान्यात मोठ्या कागदाला घड्या पडतात, त्यामुळे पानं आठ-सोळाच्या पटीत येतात, आणि लहान मुलांच्या गोष्टीला 32 पुरतात. त्यातली दोन-चार नावा-गावाची आणि अर्पणपत्रिकेची. उरलेल्या प्रत्येक पानावर एखादी ओळ. याहून जाड टिपण्या मी चहा पिता पिता निकालात काढलेल्या आहेत!

तर सुनेनं एक पुस्तक आणलं. पॅट हचिन्स नावाच्या इंग्रज बाईंचं, 1968 सालचं, ‘रोझीज वॉक’. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगण ओलांडून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, पिठाच्या गिरणीशेजारून, कुंपणातून आणि मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाऊन जेवायच्या वेळेला घरी हजर होते. झालं. मूळ इंग्रजीत अख्ख्या पुस्तकाचे शब्द 32. मी मिनिटभरात संपवलं, पुस्तक मिटलं आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला. शेजारी ओवी पोट धरून हसत होती.

“काय झालं गं?”

“त्याच्या नाकावर ते काठीवालं आपटलं!”

“कुणाच्या नाकावर?”

“कोल्ह्याच्या.”

“कुठला कोल्हा?”

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी पूर्वी नवीन लागलेल्या लिपिकांकडे पाहत असे. मग पुस्तक उघडून तिनं मला पहिल्या पानापासून समजावलं. कोंबडीच्या मागे पहिल्यापासून कोल्हा आहे. तो झेप घालतो तर दाताळ्यावर पाय पडून दांडा तोंडावर बसतो. मग तळ्यात पडतो, गंजीत रुततो, डोक्यावर पिठाचं पोतं रिकामं होतं, आणि शेवटी मधमाश्या त्याला पार डोंगरापलीकडे पिटाळतात. यातलं एक अक्षरही मजकुरात नाही. बाईंनी मुद्दामच लिहिलेलं नाही! म्हणजे वाचून दाखवणारा गंभीरपणे कोंबडीचा फेरफटका वाचत बसणार, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला मात्र खरी गोष्ट कळणार. माझी हयात मजकूर वाचण्यात गेली. फायलीत चित्र असू शकतं ही शक्यताच कुणी आम्हाला सांगितली नव्हती.

तेव्हापासून पान उलटण्याचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही. आधी कोपऱ्यातली गोगलगाय सापडली पाहिजे. मग खिडकीतल्या मांजराची शेपटी मागच्या पानावर डावीकडे होती ती आता उजवीकडे का, याचा खुलासा झाला पाहिजे. चित्रकार मंडळी अशा गोगलगायी पानोपानी लपवून ठेवतात आणि स्वतः रात्री शांत झोपतात. शब्द जितके कमी तितका वेळ जास्त, हे त्रैराशिक मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

पुस्तकांचा पुरवठा कधी आटत नाही, हे आणखी एक. फोर्टातल्या फुटपाथवर मिळतात, माटुंग्याला महेश्वरी उद्यानापाशी मिळतात, आणि जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनात तर वजनावर मिळतात. पुठ्ठ्याच्या बांधणीचं अस्वल अर्धा किलो भरतं, ससा पाव किलोत येतो. सुनेनं एकदा तीन किलो प्राणी आणले. बऱ्याचशा पुस्तकांवर विलायतेतल्या कुठल्या कुठल्या वाचनालयांचे शिक्के आणि आतल्या पानावर कुणातरी गोऱ्या पोरानं मेणखडूनं काढलेला सूर्य. एका पुस्तकाचं शेवटचं पानच नाही. खार पुराच्या पाण्यात ओंडक्यावर बसलेली, समोर धबधबा, आणि पुढे थेट पुठ्ठा. तिला रोज मी वाचवते. कशी वाचवायची ते माझ्यावर आहे, पण काल जशी वाचवली तशीच आज वाचवावी लागते. धबधब्याशी उभ्या असलेल्या माकडाचा उजवा हात चुकून डावा झाला तर खार पुन्हा ओंडक्यावर.

आणि मग पॅटिसचं प्रकरण झालं.

बिअॅट्रिक्स पॉटर यांची पीटर सशाची गोष्ट जगभर गाजलेली. बाईही खमक्या. प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यांनी 1901 साली पदरच्या पैशानं 250 प्रती छापल्या, मग 1902 मध्ये प्रकाशक सुतासारखा सरळ आला. निळा कोट घातलेला गोजिरवाणा ससा पाहून मी निर्धास्तपणे वाचायला बसले. सुरुवातीलाच सशांची आई पोरांना बजावते, मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका, तुमच्या बाबांना तिथे अपघात झाला, मॅकग्रेगरबाईंनी त्यांना ‘पाय’ नावाच्या पदार्थात घातलं. हे सगळं ती टोपलीत पाव आणायला निघताना सांगते, पावसाचा अंदाज सांगावा तितक्या सहज.

“म्हणजे काय केलं?”

खोटं बोलायची सवय नाही. सांगितलं, की आत सारण भरतात आणि भट्टीत भाजतात, आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पॅटिससारखं. ओवी काही बोलली नाही. मलाही वाटलं, पचलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेकरीत ही गर्दी. काउंटरला नाक लावून ओवीनं काचेतल्या पॅटिसकडे बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “काका, यात कुणाचे बाबा आहेत?”

बेकरीवाल्यानं “व्हेज आहे बेटा” म्हणून तीनदा सांगितलं, तरी मागच्या एका बाईंनी ऑर्डर बदलून खारी घेतली. घरी सुनेनं शांतपणे विचारलं, “आई, तुम्ही तिला नक्की काय वाचून दाखवता?” मी म्हटलं, “तूच आणलेलं अभिजात साहित्य.”

मग काही दिवस आपल्याच गोष्टी सांगायच्या ठरवल्या. चिऊताईचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पावसात कावळ्याचं वाहून जातं आणि तो चिमणीचं दार ठोठावतो. थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. अर्जदाराला सरळ नकार न देता प्रकरण प्रलंबित कसं ठेवावं, याचं याहून उत्तम उदाहरण मला सबंध नोकरीत भेटलं नाही. चिमणीबद्दल मला नितांत आदर आहे. ओवी मात्र कावळ्याच्या बाजूची निघाली. “बाळाला किती वेळ तीट लावतात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आम्ही पुन्हा विलायती प्राण्यांकडे वळलो. निदान ते कुणाचं दार ठोठावत बसत नाहीत. सरळ निघतात, भटकतात, आणि शेवटच्या पानावर घरी येतात. तिथे गरम जेवण वाट पाहत असतं. रोझीला मिळतं, पीटरच्या बहिणींना दूध-पाव मिळतो, पीटरला उनाडक्या केल्या म्हणून औषधी काढा. पण घरी सगळे येतात.

हा शेवटच्या पानाचा नियम ओवीच्या डोक्यात पक्का बसलेला असताना आमच्या स्वयंपाकघरात उंदीर निघाला.

सून किंचाळली. ओवी ओट्याखाली वाकून म्हणाली, “त्याची पिशवी कुठाय?” मुलानं पिंजरा आणला, मी भजं लावलं, आणि मध्यरात्री खटका पडला. पुढचा प्रश्न विल्हेवाटीचा. महापालिकेकडे रात्रपाळीला उंदीर मारणारी माणसं असतात, त्यांना रात्रीला 30 उंदरांचं लक्ष्य असतं, असं पेपरात कधीतरी वाचलेलं. ते ओवीसमोर बोलण्याची सोय नव्हती. मुलानं “बादलीत...” एवढाच शब्द उच्चारला आणि बहीण-भावंडं नसलेल्या त्या पोरीनं पिंजऱ्याला मिठी मारली. शेवटी ठरलं, उंदराला प्रवासाला धाडायचं. आरेच्या जंगलात.

पिंजऱ्याला लाल रिबीन बांधली. शिदोरी म्हणून चपातीचा तुकडा ठेवला. रिक्षावाल्यानं मांडीवरच्या पिंजऱ्याकडे पाहून विचारलं, “आंटी, जिंदा है?” मी म्हटलं, “हो, आणि आरेपर्यंत जिवंतच न्यायचाय.” आरेत बिबटे आहेत, घुबडं आहेत, साप आहेत. त्या पानाबद्दल मी ओवीला काही बोलले नाही.

झाडाखाली पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर हलेना. भजं शिल्लक होतं, चपाती होती, छप्पर होतं. कुठे जायचं आणि कशाला? इतक्या पुस्तकांनंतर पहिल्यांदाच असा प्राणी भेटला होता ज्याला रजा नको होती. मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. पण रिक्षाचं वेटिंग चालू होतं. मी पिंजरा उलटा करून दोनदा आपटला, तेव्हा कुठे साहेब नाइलाजानं गवतात उतरले.

त्याच आठवड्यात एका रात्री डब्यांमागे पुन्हा खुडबुड झाली. मुलगा म्हणाला, हा दुसरा आहे, आरेहून इथवर उंदीर परत येणं शक्य नाही. ओवीनं टॉर्च मारून कान तपासले आणि निकाल दिला, “तोच आहे. दमलाय. त्याला गरम वाढा.” सुनेनं न बोलता पिंजरा काढला आणि भजं गरम करायला घेतलं.

“आजी,” ओवी म्हणाली, “आता भाग दोन?”