लंडनमधलं पाकिस्तानी जेवण: 'ब्रिक लेनला जा' हा सल्ला कुठे कुठे चुकतो

लंडनला नव्याने पोचलेल्या मराठी माणसाला व्हॉट्सॲपवर हमखास एक सल्ला मिळतो. सांगणारा बदलतो, मजकूर साधारण असाच असतो: 'पाकिस्तानी जेवायचंय ना? ब्रिक लेनला जा. नाहीतर कुठलंही इंडियन हॉटेल गाठ, पदार्थ तेच, फक्त पाटी वेगळी. पहिल्यांदा बिर्याणी मागव, ती जमली असेल तर सगळं जमलंय समज. निहारी कधीही मिळते. वर तेल दिसलं तर उठून ये. शाकाहारी असशील तर जाऊच नकोस.'

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यातलं एकही वाक्य तपासल्यावर उभं राहत नाही. एक एक घेऊ.

'ब्रिक लेनला जा'

ब्रिक लेन हा बांगलादेशी भाग आहे. तिथली हॉटेलं उभी केली ती मुख्यतः बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेल्या लोकांनी, आणि त्या परिसराला बांगलाटाउन म्हणतात ते त्यामुळेच. तिथे जरूर जा, पण सिल्हेटी जेवणासाठी जा: रुई म्हणजे रोहू माशाचा रस्सा, शुटकी म्हणजे सुकी मासळी, शातकोरा हे कडवट-आंबट लिंबू घातलेलं मटण. हे पदार्थ दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलावणाऱ्या हॉटेलांपेक्षा बाजूच्या साध्या बांगलादेशी खानावळींत चांगले मिळतात. पाकिस्तानी जेवण शोधायची मात्र ही जागा नव्हे.

त्यासाठी ब्रिक लेनच्या दक्षिण टोकापासून पूर्वेला थोडं चालावं लागतं. व्हाइटचॅपलच्या फील्डगेट स्ट्रीटवर 'तय्यब्स' आहे आणि कमर्शियल रोडला लागून असलेल्या अंबरस्टन स्ट्रीटवर 'लाहोर कबाब हाउस'. दोन्ही १९७२ सालची, दोन्हीकडचा हात पंजाबी. तिथे मागवायचं ते आगीवरचं: लॅम्ब चॉप्स, सीख कबाब आणि कढाई. तय्यब्समध्ये 'ड्राय मीट' नावाचा पदार्थ असतो. मटण त्याच्याच मसाल्यात इतकं आटवतात की रस्सा उरतच नाही, मसाला मटणाच्या तुकड्यांना चिकटून बसतो. ज्यांना आपलं सुकं मटण आवडतं त्यांनी तो चुकवू नये. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी सातनंतर या भागात रांग लागते. मधल्या वारी साडेपाच-सहाला गेलात तर निवांत बसता येतं, आणि भट्टीवरच्या माणसाचं लक्षही तुमच्या ताटावर राहतं.

पण ही दोन नावं म्हणजे सगळं लंडन नव्हे. घरगुती पद्धतीचं, न्याहारीचं, सणासुदीचं पाकिस्तानी खाणं पूर्वेला आणखी पुढे आहे: अप्टन पार्क स्टेशनबाहेरची ग्रीन स्ट्रीट, इलफर्डमधली इलफर्ड लेन, वॉल्थमस्टो आणि लेटनचा पट्टा. पश्चिमेला साउथॉल आहे. तिथे वस्ती मुख्यतः शीख पंजाब्यांची, तरी लाहोरी कढाईवालेही आहेत. दक्षिणेला टूटिंगमध्ये पाकिस्तानी कबाबवाले, दाक्षिणात्य डोसेवाले आणि श्रीलंकन तमिळ हॉटेलं एकाच रस्त्यावर सापडतात.

'कुठल्याही इंडियन हॉटेलात तेच मिळतं'

नाही मिळत, आणि त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे. इंग्लंडमधल्या नेहमीच्या करी हाउसचं काम एका मूळ ग्रेव्हीवर चालतं. सकाळी मोठ्या पातेल्यात ढीगभर कांदा, थोडं गाजर, सिमला मिरची, आलं-लसूण आणि हळद-धणे-जिरे शिजवून वाटून ठेवतात. चिकन वेगळं शिजवून ठेवलेलं असतं. ऑर्डर आली की तव्यावर मसाला, डावभर ग्रेव्ही, चिकनचे तुकडे, आठ-दहा मिनिटांत पदार्थ तयार. नारळ-साय घातली की कोर्मा, तिखट वाढवलं की मद्रास, आणखी वाढवलं की विंदालू. ही पद्धत बांगलादेशी स्वयंपाक्यांनी घडवली, ती कसबाची आहे आणि तिचा मान राखायला हवा. पण तिच्यातून कढाई निघत नाही.

कढाईला आधी करून ठेवलेली ग्रेव्ही नसतेच. हाडासकट चिकन १ किलो, बारीक तुकडे, साधारण १६. तुपात किंवा तेलात मोठ्या आचेवर ते पांढरं होईपर्यंत परतायचं, मग आलं-लसूण, मग अर्धा ते पाऊण किलो टोमॅटो अर्धे चिरून पालथे घालायचे. पाच-सात मिनिटांनी साली सुटतात, त्या चिमट्याने उचलून टाकायच्या. पाणी अजिबात नाही. टोमॅटोचं पाणी आटून तेल सुटेपर्यंत आच मोठीच ठेवायची. शेवटी हिरव्या मिरच्या, ताजं भरडलेलं मिरं, धणे-जिऱ्याची भरड, वरून आल्याच्या सळ्या. लाहोरी पद्धतीत कधी दोन चमचे दही पडतं. पेशावरच्या नमक मंडीतली कढाई याहून साधी: मटण, चरबी, मीठ, टोमॅटो, हिरवी मिरची, संपलं. कांदा यातल्या कशातच नाही. आच मंद राहिली तर चिकनला पाणी सुटतं, टोमॅटो भाजला न जाता उकडला जातो आणि कच्चा आंबटपणा राहतो. कांदा घातला तर रस्सा गोडसर आणि जाड होतो.

म्हणून हॉटेलात बसल्या बसल्या ओळखायची खूण सोपी आहे. ताटलीत सिमला मिरचीचे आणि कांद्याचे मोठे चौकोनी तुकडे दिसले तर ती करी हाउसची 'कढाई'. मेन्यूवर भाव अर्धा किलो, एक किलो असा लिहिला असेल आणि वेटर 'पंचवीस मिनिटं लागतील' म्हणाला तर थांबा, तुम्ही योग्य जागी आहात. मटण कढाईसाठी मांस आधी अर्धं शिजवून ठेवतात, त्यात गैर काही नाही. चिकन कढाई मात्र सात मिनिटांत आली तर ती ताजी नाही.

नानचंही तसंच. इंग्लंडमध्ये 'पेशावरी नान' म्हणून जो खोबरं-बदाम-मनुका भरलेला गोड नान देतात, तो कढाईबरोबर मागवू नका, मसाल्याची चव मरते. साधी तंदुरी रोटी, तीळ लावलेला रोगनी नान किंवा आंबवलेल्या पिठाची खमिरी रोटी घ्या. आणि बाल्टी, म्हणजे पातळ पोलादी कढईत करून तिच्यातच वाढतात तो रस्सा, रुजली ती बर्मिंगहॅममध्ये, लंडनच्या मेन्यूवर ती दिसली म्हणून हॉटेल पाकिस्तानी ठरत नाही.

'बिर्याणीवरून पारख करा'

ही कसोटीच चुकीची निवडली आहे. लंडनमधली जुनी पाकिस्तानी हॉटेलं बहुतेक पंजाबी आहेत आणि पंजाब्यांचा हात बसलेला असतो तो यखनी पुलावात: हाडांच्या रश्शात शिजलेला भात, मसाला कमी, वास बडीशेप-धण्याचा. बिर्याणीचं गाव कराची. तिथल्या सिंधी बिर्याणीत बटाटा असतो, सुकवलेला आलुबुखार असतो, दही-टोमॅटोचा स्पष्ट आंबटपणा असतो. पाकिस्तानी मसाल्याच्या पाकिटांवर 'बॉम्बे बिर्याणी' हे नावही दिसेल, तिच्यातही बटाटा. तेव्हा बटाटा दिसला म्हणून भेसळ समजू नका. करी हाउसमधली बिर्याणी वेगळीच: तयार भात मसाल्यात परततात आणि सोबत वाटीभर भाजीचा रस्सा देतात. तो रस्सा सोबत आला की भात दमावर शिजलेला नाही हे समजा. चांगल्या बिर्याणीला रश्शाची गरज लागत नाही, रायतं पुरतं.

पंजाबी हॉटेलची पारख करायचीच असेल तर सीख कबाब आणि डाळ मागवा. कबाबाच्या खिम्यात चरबी साधारण पाचवा हिस्सा तरी लागते. कमी पडली तर कबाब कोरडा होऊन तुटतो, आणि कांदा पाणी न पिळता घातला तर कबाब सळईवरून घसरतो. मग काही जण बेसन घालून बांधतात आणि कबाब पिठूळ लागतो. डाळीला भांडवल लागत नाही, फक्त लक्ष लागतं, त्यामुळे ती बरंच काही सांगते.

'निहारी कधीही मिळते'

मेन्यूवर कधीही असते. खरी कधी खावी हा प्रश्न वेगळा आहे.

निहारी, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला मांसाचा रस्सा, हे दिल्लीचं सकाळचं खाणं. १९४७ नंतर दिल्लीहून गेलेल्या लोकांबरोबर ते कराचीत रुजलं आणि बर्न्स रोडवर नावारूपाला आलं. भेंडीबाजारातली नल्ली निहारी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ही चव ओळखीची वाटेल, मूळ एकच आहे.

मांस पोटरीचं, म्हणजे भरपूर चिवट पडदे आणि शिरा असलेलं. १ किलो मांस, दोन-तीन नळ्या, अडीच-तीन लिटर पाणी. मसाल्यात बडीशेप, सुंठ, पिंपळी, जायपत्री. बीफ असेल तर मंद आचेवर सहा-सात तास, मेंढीचं असेल तर साडेतीन-चार. एवढा वेळ दिल्यावर ते चिवट पडदे विरघळून रस्सा ओठांना चिकटतो. मग वर आलेली तर्री डावाने काढून बाजूला ठेवायची. चार-पाच मोठे चमचे कणीक गार पाण्यात कालवून, रस्सा ढवळत बारीक धारेने सोडायची, आणखी अर्धा तास शिजवायची. शेवटी तर्री परत वर.

चुका इथेच होतात. तर्री न काढता पीठ घातलं तर चरबी पिठात मुरते आणि रस्सा राखाडी, मेणचट दिसतो. पीठ लवकर घातलं तर तळाला लागतं. अर्धा तास शिजू दिलं नाही तर जिभेला कच्ची कणीक जाणवते. कॉर्नफ्लॉर घातलं तर रस्सा चकचकीत होतो आणि गार होताना साकळतो. रस्सा चमच्याच्या पाठीला पातळ थर देऊन सरकला पाहिजे. सोबत आल्याच्या सळ्या, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाची फोड यायलाच हवी, मागावी लागू नये.

रात्रभर शिजलेलं भांडं शनिवारी-रविवारी सकाळी उघडतं. ग्रीन स्ट्रीट, इलफर्ड लेनच्या बाजूला 'नाश्ता' अशी पाटी दिसली की आत निहारी, पाये, हलवा-पुरी, चणे यांची व्यवस्था असते. दहा ते साडेअकरा ही वेळ उत्तम. दुपारनंतर पाये संपतात आणि निहारीत पाणी वाढवून ती पुन्हा उकळली जाण्याची शक्यता वाढते. काही हॉटेलांत निहारी, हलीम (गहू, डाळी आणि मांस एकत्र शिजवून घोटलेलं), पाये ठरावीक वारीच करतात. फोन करून 'आज कोणती देग (मोठं पातेलं) आहे' एवढं विचारलं की पुरे. हलीम मागवलात तर चमचा उचलून पाहा: घोटलेलं असेल तर मांसाचे धागे ताणले जातात, मिक्सरमधून काढलेलं असेल तर नुसती पेज.

'तेल दिसलं तर उठा'

तर्रीशिवाय निहारी म्हणजे तर्रीशिवाय मिसळ. कढाईत कडेने सुटलेलं तेल मसाला नीट भाजला गेल्याची खूण असते. पाहायचं ते तेलाचा रंग आणि वास: स्वच्छ लालसर असेल तर ठीक, काळपट आणि खवट वासाचं असेल तर जुनं. पदार्थ तेलात बुडालेलाच असेल तर मात्र तक्रार रास्त आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी ऑर्डर देतानाच 'तर्री अलग' सांगावं, वाटीत वेगळी देतात. स्वच्छतेची काळजी असेल तर तेलापेक्षा दारावरचा फूड हायजीनचा ० ते ५ आकडा बघा. इंग्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं नाही, पण फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर हॉटेलचं नाव टाकलं की सापडतो.

'शाकाहारी असाल तर जाऊच नका'

रविवारची हलवा-पुरी ही शाकाहाऱ्यांचीच थाळी आहे: दोन पुऱ्या, चण्याचा रस्सा, बटाट्याची भुजिया, रव्याचा शिरा, लोणचं. संध्याकाळी माश की डाळ मागा. बिनसालीची उडीद डाळ, दाणा मोकळा राहील इतकीच शिजवलेली, वरून तळलेलं आलं आणि मिरची. भेंडी, कारली, वांगं, पालक हेही असतं. अडचण आहे ती दुसरीकडे, आणि ती आधीच विचारून घ्यावी. चण्यात मटणाचा किंवा चिकनचा रस्सा घालतात का? पुऱ्या आणि कबाब एकाच तेलात तळतात का? 'डाळ गोश्त' तर नाही ना? कडक पाळणाऱ्यांनी वेगळा डाव, वेगळी कढई मिळेलच असं धरू नये.

बीफ न खाणाऱ्यांनीही असंच स्पष्ट विचारावं. मेन्यूवर नुसतं 'मीट' असेल तर बऱ्याच ठिकाणी ते मेंढीचं असतं, पण निहारी, हलीम, चपली कबाब आणि पाये यांत बीफ असू शकतं. 'निहारी बीफ की है या लॅम्ब की?' हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो, कुणाला राग येत नाही.

राहिल्या दोन व्यवहाराच्या गोष्टी, ज्या त्या संदेशात नसतातच. तय्यब्स आणि लाहोर कबाब हाउसमध्ये स्वतःची बाटली नेता येते, इतर अनेक हलाल हॉटेलांत दारू आणणं अजिबात चालत नाही, तेव्हा आधी विचारा. आणि रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात बरीच हॉटेलं दुपारी बंद असतात, इफ्तारच्या वेळी जागा मिळणं कठीण, आणि वेटरचाही दिवसभराचा उपास त्याच मिनिटाला सुटत असतो. सूर्यास्तानंतर तासाभराने जा. चार जण असाल तर चॉप्सची एक ताटली, चार सीख कबाब, अर्धा किलो कढाई, एक डाळ आणि सहा रोट्या पुरतात. रोट्या दोन-दोन करून मागवा, एकदम आलेल्या शेवटच्या दोन चामड्यासारख्या होतात.