मका लवकर पेरावा, पण कशाच्या भरवशावर?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘अमेरिकेत लवकर पेरलेल्या मक्याचा उतारा जास्त येतो, आणि तुम्ही शेतकऱ्याला शंभर मिलिमीटर पावसाची वाट बघायला लावून त्याचं नुकसान करताय,’ असं तुम्ही लिहिलंत. आरोप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. आयोवात एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत पेरलेला मका बहुधा सरस ठरतो. पण तिथं बर्फाचं आणि वसंतातल्या पावसाचं पाणी मुरून जमीन पेरणीआधीच खोलवर ओली असते. अडतं ते थंडीवर. माती साधारण १० अंश सेल्सिअसला आली की पेरायचं आणि पुढची कडाक्याची थंडी पीक जाळण्याआधी दाणा पक्का करायचा. जितकं आधी पेराल, तितके दिवस पदरात.

आपल्याकडे दिवस भरपूर आहेत, ओल नाही. भोकरदन-सिल्लोडकडची काळी रानं मेअखेर भेगाळलेली असतात. मृगाच्या एका सरीनं वरची चार बोटं भिजतात, खाली कोरडं ठाक. मी स्वतः एका वर्षी ९ जूनला अशाच ओलीवर पेरलं. उगवण छान झाली, मग पावसानं उघडीप दिली आणि रोपांनी माना टाकल्या. मोडून पुन्हा पेरलं, तेव्हा जुलै लागला होता. बियाणं, खत, मजुरी सगळं दुबार. थांबून पेरणाऱ्या शेजाऱ्याचा मका तोवर गुडघ्याला आला होता. कोरडवाहूला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडं अशी पेरणीजोगी ओल, मी सांगतो तो यासाठी. पुष्य नक्षत्रापर्यंत, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत रेंगाळा, असं मात्र कधीच म्हटलं नाही.

थांबलं म्हणजे पीक हमखास, असंही नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडताना पाणी तुटलं, की तारीख कुठलीही असो, दाणे भरत नाहीत.

एक गोष्ट माझ्याकडून लिहायची राहिली, तिथं तुमचं बरोबर आहे. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, ठिबक आहे, त्यानं पावसासाठी थांबू नये. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रान ओलवून पेरावं. लष्करी अळी वाढायच्या आत पीक पुढं सरकतं, रानही हरभऱ्याला वेळेत मोकळं होतं. फक्त कणसं सप्टेंबरच्या पावसात सापडू शकतात, तेव्हा वाळवायची सोय आधीच बघून ठेवा.

तुमचं रान कोरडवाहू की बागायती, आणि माती किती खोल, तेवढं कळवा.